नऊ वर्षांचा अप्पर

ग्लासगोच्या डीलरनं किल्ली देताना सांगितलं,
"आता दिव्यांकडे बघूही नका, ट्रक बघेल.
आरशामागे कॅमेरा आहे त्याला.
समोर कुणी आलं की अप्पर आपोआप खाली."
मी म्हटलं, बरं.
माझ्या पहिल्या ट्रकला डिप्परचं बटण पायाशी होतं,
क्लचच्या डावीकडे, चिखलात बुडालेलं.
बुटाच्या टाचेनं दाबलं की खट्ट वाजायचं.

तर ट्रकचा हिशेब सांगते.
सरळ रस्त्यावर उत्तम.
अर्ध्या मैलावर टिंबाएवढा दिवा दिसला
की मान खाली घालतो,
चर्चमध्ये उशिरा पोचलेल्या माणसासारखी.
चढाला मात्र फसतो.
टेकडीपलीकडचा उजेड आधी आभाळात उगवतो,
मला कळतं कुणी येतंय, त्याला नाही.
हिरव्या पाट्यांना दचकतो.
ओल्सनच्या कोठारावरच्या दिव्याला
रोज न चुकता नमस्कार घालतो.
हरिणी रस्त्यात उभी राहिली
तर तिला भरउजेडात न्हाऊ घालतो;
चूक म्हणू की बरोबर, ठरत नाही.
आणि पायी चालणारा माणूस
त्याच्या हिशेबी माणूसच नाही.

पण हे सांगायचं नव्हतं.
सांगायचं होतं व्हर्न टोल्लेफसनचं.

नऊ वर्षांपूर्वी त्याचा शार्ले वळू
तार तोडून माझ्या कालवडींत शिरला.
कोवळ्या कालवडी, पोटात थोराड वासरं.
मार्चमध्ये तीन गेल्या,
माझे हात कोपरापर्यंत आत असताना.
व्हर्न म्हणाला, तार तुझ्या बाजूनं सैल होती.
त्यानंतर आम्ही बोललो नाही.
म्हणजे बोललो, दिव्यांनी.
त्या चौदा मैलांत रात्री बहुतेक आम्ही दोघंच.
तो समोरून आला की मी अप्पर तसाच ठेवायची,
तोही ठेवायचा.
आंधळे होऊन एकमेकांना ओलांडायचो,
कडेची पांढरी रेघ पकडून,
आपापल्या काचेआड शिव्या देत.
त्याचा एकच दिवा जळतो, पिवळट,
दुसरा त्यानं कधी बदललाच नाही.
लांबूनच ओळखू येतो.

ऑक्टोबरात नवा ट्रक घेऊन पहिल्या रात्री निघाले,
समोर तो पिवळा एकडोळ्या.
मी जबडा आवळला.
आणि माझ्या ट्रकनं,
मला न विचारता,
दिवे खाली केले.

"अरे!" मी ओरडले, दांडी चाचपली,
वायपर सुरू झाले, कोरड्या काचेवर करकरत.
व्हर्न अप्परमध्येच निघून गेला.
पण मागे आरशात त्याचे ब्रेक दिसले,
क्षणभर, लाल.

पुढच्या आठवड्यात त्यानं डिप्पर मारला.
इतका उशिरा, की मारला नसता तरी चाललं असतं.
त्याच्या पुढच्या खेपेला जरा आधी.
थँक्सगिव्हिंगपर्यंत तो पुलाच्या अलीकडूनच
दिवा खाली करायला लागला.
आता हा माणूस समजतोय
की इन्गा हाउगननं त्याला माफ केलं.
ऑटो बंद करायची रीत पुस्तिकेत आहे,
पान तीनशे बारा.
मी ते पान दुमडून ठेवलंय.
अजून उघडलेलं नाही.

जानेवारीत, उणे तीस, वारा आडवा.
काचेच्या माथ्यावर बर्फाचा पापुद्रा धरला,
पडद्यावर अक्षरं आली: कॅमेरा झाकला गेला आहे.
अप्पर चालूच.
आणि पुलापलीकडे तो पिवळा दिवा,
आला, खाली झुकला,
झुकूनच थांबला.

ट्रकमध्ये आता माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

आधी डावा पाय हलला,
जिथे बटण असायचं तिथे,
टाच रबरी चटईवर आपटली.
मग हातानं दांडी ओढली.
खट्ट वाजलं नाही.
उजेड खाली बसला.